कॉकर, कान आणि कोल्हापूरचा पाऊस : जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

२ जून

मागच्या पावसाळ्यात आमच्या कुत्रीचा, काकवीचा, कान तीन वेळा बिघडला. तीन वेळा डॉक्टर, तीन वेळा थेंब, एकूण ४,६०० रुपये गेले आणि सप्टेंबरात परत तोच वास. यंदा पाऊस लागायच्या आधी ठरवलं की हे काम नीट हातात घ्यायचं आणि काय केलं, काय फसलं ते लिहून ठेवायचं, कारण कोल्हापुरात कॉकर पाळणारे आता बरेच दिसतात आणि रंकाळ्यावर भेटले की सगळ्यांची रड एकच, "कान वास मारतोय हो".

काकवी म्हणजे इंग्लिश कॉकर स्पॅनियल, मादी, सव्वादोन वर्षांची. रंग गुऱ्हाळातल्या काकवीसारखा म्हणून ते नाव. घरात सगळे तिला काकू म्हणतात, त्यामुळं समोरच्या खऱ्या काकू दोनदा "काय रे?" म्हणत गॅलरीत येऊन गेल्यात. घरात मी, बायको, आई, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. घर तळमजल्यावर, अंगणात शहाबादी फरशी जी जून ते ऑक्टोबर वाळतच नाही. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक वेल्डिंग सेट. हे सांगतोय कारण पुढं टेबल येणार आहे.

सुरुवात एप्रिलमधल्या चुकीपासून. उन्हाचा त्रास होतोय म्हणून एका पार्लरमध्ये नेऊन तिचं सगळं अंग मशीननं भादरून आणलं, १,२०० रुपये. बाहेर आली ती कॉकर वाटेना, शेळीचं करडू वाटत होतं. पार्लरवाल्याला बोलून उपयोग नाही, "एकदम बारीक करा" मीच म्हणालो होतो. आता जे केस परत आलेत ते पाठीवर पूर्वीसारखे रेशमी नाहीत, कापसासारखे आलेत आणि कापसात गुंता लई होतो. नसबंदी झालेल्या माद्यांचे केस तसेही लोकरीसारखे होतात म्हणे, म्हणजे दोन्ही मिळून हे झालं असणार. कारण काही असो, विंचरायचं मलाच आहे.

५ जून

पाऊस अजून नाही, नुसता वळीव पडला आणि डाव्या कानाला वास सुरू. शिळ्या ताकाचा येतो तसा आंबूस. आत बघितलं तर तपकिरी मेणचट घाण. आईनं लगेच लसूण घालून कडवलेलं खोबरेल कोमट करून आणलं. मी म्हटलं नको, तर "तुझ्या कानात हेच घालत होतो, मेलास काय?" यावर उत्तर नव्हतं. दोन्ही कानांत दोन-दोन थेंब घातले.

रात्रभर डोकं झाडत होती, पट्ट्याची घंटी दर दोन मिनिटांनी. कुणालाच झोप नाही, आईलाही नाही.

६ जून

डॉक्टरांनी कानातली घाण कापसाच्या काडीवर घेऊन काचेवर लावली, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली धरली आणि मलाही बघायला लावलं. भुईमुगाच्या छोट्या शेंगांसारखे ठिपकेच ठिपके. यीस्ट. ते त्वचेवर थोडं असतंच म्हणे, पण ओल, ऊब आणि तेलकटपणा मिळाला की वाढत सुटतं, आणि कॉकरच्या कानात हे तिन्ही फुकट मिळतं. कानाची लांब जड पाळी झाकणासारखी वर पडलेली, आत केस, आणि मेण बनवणाऱ्या ग्रंथीही इतर जातींपेक्षा जास्त. त्यात मी खोबरेल ओतून आलेलो. "यीस्टला जेवण वाढून आलाय तुम्ही," असं डॉक्टर म्हणाले. लसणाचं सांगितल्यावर त्यांनी नुसतं कपाळाला हात लावला.

कानाचा पडदा शाबूत आहे का ते आधी बघितलं, मगच थेंब लिहून दिले. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला बाधतात, म्हणून मागच्या वर्षीची अर्धी बाटली काढून घालायची नाही, हे मला यंदा कळलं. मागच्या वर्षी मी तेच केलं होतं. १४ दिवस दोन वेळा आणि मग परत दाखवायचं. तपासणी ३००, स्लाइड २००, थेंब ३५०. कान धुवायचं लिक्विड वेगळं, ४८०.

७ ते ११ जून

पाच दिवस नुसती कुस्ती. काय काय फसलं ते क्रमानं लिहितो.

पहिल्या दिवशी बाथरूममध्ये नेलं. बाथरूम म्हणजे आंघोळ हे तिला पाठ आहे, लिक्विडची बाटली दिसायच्या आधीच ती दिवाणाखाली. दुसऱ्या दिवशी मुलीनं पुढनं धरलं आणि मी मागनं, तिघंही घसरून पडलो. तिसऱ्या दिवशी बाटली कानात घातली खरी, पण लिक्विड थंडगार, तिला झटका बसला आणि तिनं डोकं असं झाडलं की तपकिरी शिंतोडे भिंतीवर, कॅलेंडरवर आणि बायकोच्या नुकत्या इस्त्री केलेल्या साडीवर. ती साडी ऑफिसची होती.

चौथ्या दिवशी जमलं. बाटली दहा मिनिटं लुंगीच्या खोचीत ठेवून कोमट केली. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो, काकवी माझ्या गुडघ्यांच्या मध्ये, तोंड माझ्याकडं नाही तर बाहेर, म्हणजे ती मागं सरकली तर माझ्याच पोटाला लागते. मुलगा समोर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे घेऊन. पाळी वर उचलून धरायची, लिक्विड भरपूर सोडायचं, दोन थेंब टाकून भागत नाही. कुत्र्याचा कान आपल्यासारखा सरळ आत जात नाही, आधी खाली उतरतो आणि मग आडवा वळतो, म्हणून लिक्विड तळापर्यंत गेलं पाहिजे. मग कानाच्या बुडाशी, जबड्यामागं, बोटांनी अर्धा मिनिट चोळायचं. पचपच आवाज आला म्हणजे बरोबर चाललंय. तिला हे चोळणं आवडतं, कण्हत कण्हत डोकं हातावर टाकते. मग सोडायचं, अंगणात, आणि डोकं झाडू द्यायचं. साडी नसलेल्या ठिकाणी. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून दिसतं तेवढंच पुसायचं. इअरबडची काडी अजिबात नाही, ती घाण आत ढकलते.

औषधाचे थेंब यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, कान जरा कोरडा झाल्यावर. जमायला लागल्यावर पहिले दोन दिवस मी लिक्विडवरच थेंब सोडत होतो, म्हणजे साडेतीनशेचं औषध पातळ करत होतो.

१४ जून

जमिनीवर बसून कंबर गेली. टेबल करायचं ठरलं.

ऑनलाइन घडीचं ग्रूमिंग टेबल सात-आठ हजारांना दिसत होतं. उद्यमनगरात राहून विकत टेबल आणायचं म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं समोर म्हशीचं दूध काढून देतात, उभं राहून पिशवीतलं दूध प्यायचं. एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज, साडेदहा किलो लागला, ८०० रुपये. वर १९ एमएमचा प्लाय, ३६ बाय २४ इंच, ओळखीच्या सुतारानं तुकड्यातला दिला, ६००. पायांना रबरी बूट आणि रंग १५०. वेल्डिंग मी आणि शेजारच्या गाळ्यातला मित्र, मजुरी म्हणून त्याला मिसळ. खर्चात मिसळ धरलेली नाही.

उंची ३४ इंच ठेवली. मला बरोबर येते.

१७ जून

उंची चुकली. मला बरोबर येते पण बायको पाच फुटांची, तिला काकवीच्या पाठीवरचं विंचरायला हात खांद्याच्या वर न्यावा लागतो. "टेबल तुझ्यासाठी केलंस की माझ्यासाठी?" पाय कापून २९ इंच केले. आधी विचारलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता.

वर चकचकीत सनमाइका लावला होता, पुसायला सोपा म्हणून, २५० रुपये. काकवीचे चारी पाय चार दिशांना गेले, एकदा घसरल्यावर ती टेबलाकडं बघायलाही तयार नाही. सनमाइका उखडून फेकला, रेघांचा रबरी मॅट चिकटवला, ३५०. मॅट लावल्यावर तीन दिवस टेबलावर काहीच केलं नाही. फक्त वर उचलून ठेवायचं, चिकन द्यायचं, खाली उतरवायचं. चौथ्या दिवशी ती स्वतः पुढचे पाय टेबलावर ठेवून उभी.

२० जून

कान दाखवला, स्लाइड स्वच्छ. थेंब बंद, आठवड्यातून एकदा लिक्विडनं धुवायचं चालू. मला वाटलं झालं काम.

टेबलाला वर पाइपचा हात वेल्ड करून त्याला पट्टा अडकवला होता, व्हिडिओत असतो तसा. आज दाराची बेल वाजली आणि काकवीनं टेबलावरून उडी टाकली, पट्टा गळ्यात असताना. मुलगा शेजारीच होता म्हणून झेलली. माझे हात अजून थरथरतायत. टेबलाचा तो पाइपचा हात ग्राइंडरनं कापून टाकला. ज्याला ठेवायचा आहे त्यानं ठेवावा, पण कुत्रं टेबलावर असताना एक हात कुत्र्यावर पाहिजेच. बेल वाजो, फोन वाजो नाहीतर दूध उतू जावो.

२८ जून

आजची नोंद लिहायला लाज वाटते.

गेले तीन आठवडे मी रोज ब्रश करत होतो आणि वरून काकवी जाहिरातीतल्यासारखी दिसत होती. आज आंघोळ घातली. वाळल्यावर कानामागं, काखेत आणि मागच्या मांड्यांवर हात लावला तर घट्ट गोळे. ब्रश वरवर फिरत होता, खाली कातडीजवळ गुंता तसाच होता आणि त्यावर मी पाणी घालून चोळला. लोकर ओली करून चोळली की काय होतं ते धनगराला विचारा, घोंगडं होतं. गुंता आधी सोडवायचा आणि मग आंघोळ, हा क्रम उलटा झाला की संपलं.

मग मी दुसरी चूक केली. कात्री घेतली. कानामागचा गोळा चिमटीत धरून ओढला आणि कापला. गोळ्यात कातडी वर ओढली जाते हे मला माहीत नव्हतं, कानामागची कातडी कागदासारखी पातळ असते हेही नव्हतं. काकवी ओरडली नाही, फक्त माझ्याकडं बघितलं. रक्त मुलीनं आधी बघितलं. तीन टाके, १,४०० रुपये, आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आई मात्र बोलली, लसणाच्या तेलाची परतफेड व्याजासकट झाली.

घरात गुंत्याला कात्री बंद. आता रीत अशी : गोळ्यात थोडं कॉर्नफ्लोअर चोळायचं, बोटांनी टोकाकडनं फाडत फाडत यायचं, बुडाशी दुसऱ्या हातानं केस धरून ठेवायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही. न सुटणारा असेल तर गोळा आणि कातडीच्या मध्ये स्टीलची फणी सरकवायची आणि फणीच्या वर मशीन चालवायचं. आणि रोजचं विंचरणं थराथरानं : एका हातानं केस वर उचलून धरायचे, भांग पाडल्यासारखी कातडी दिसली पाहिजे, तिथनं खालचा एक थर विंचरायचा, मग वरचा. शेवटी फणी बुडापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच झालं म्हणायचं. चांगली स्टीलची फणी आणि स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) मिळून ९०० गेले. रोज १२ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

९ जुलै

पाऊस लागला तो लागलाच. पाच दिवस सूर्य नाही. कोल्हापूरकरांना सांगायला नको.

काकवीला पाऊस आवडतो ही खरी अडचण. मूळची शिकारीवर झुडपांत घुसून पक्षी उठवणारी जात, चिखल दिसला की नाक खाली आणि शेपूट पंख्यासारखी. रंकाळ्याकाठच्या झिपऱ्या गवतात एकदा घुसली की पोटाखालचे झालर केस, चारी पाय आणि कानांची टोकं सगळं चिंब. रंकाळ्यावर सकाळी एक आजोबा येतात, सोबत मुधोळ कुत्रा, काड्यांसारखे पाय. टॉवेलचा एक फटका मारला की तो वाळतो. मला म्हणाले, "हे झिपरं कशाला पाळलंयस भावा? मुधोळ पाळायचं की." मी हसलो, पण घरी येऊन पाऊण तास पुसताना त्यांचीच आठवण येत होती.

वाळवण्याचे प्रयोग : टॉवेल चोळला की गुंता, म्हणून टॉवेल दाबायचा, चोळायचा नाही. बायकोचा हेअर ड्रायर गरमवर लावला, काकवी आत पळाली. वर्कशॉपचा ब्लोअर आणला, तो आवाज ऐकून काकवी सोडा, शेजारचं मांजरही पळालं, शिवाय त्यातनं लोखंडाची भुकटी उडाली. शेवटी टेबल फॅनसमोर ठेवलं, ड्रायर थंडवर, वीतभर लांब धरून आणि एका हातानं विंचरत. कानाची पाळी उलटी करून डोक्यावर टाकायची आणि आतली बाजू वाऱ्याला द्यायची. ड्रायरची हवा कानाच्या भोकात सोडायची नाही. लाइट गेली तर पुठ्ठ्यानं वारा घालायचा, मुलाला पाच रुपये.

१५ जुलै

कान परत ओलसर का, ते आज सापडलं. फिरून आल्यावर मी पुसतो सगळं, पण दिवसातनं आठ वेळा ती पाणी पिते आणि दर वेळी दोन्ही कान पसरट भांड्यात बुचकळते. म्हणजे मी दोनदा वाळवतो आणि ती आठदा भिजवते.

देवघरातला जुना तांब्या लावला, आईची नजर चुकवून. तोंड बारीक, थुंतरी आत जाईना. मग उभा स्टीलचा डबा, थुंतरी आत आणि कान बाहेर, अगदी बरोबर, पण पहिल्याच दिवशी पाडला आणि स्वयंपाकघरात पूर. वर्कशॉपमधनं जड लोखंडी कडं आणून त्यात डबा बसवला, आता हत्ती आला तरी पडत नाही.

जेवताना कानाला भात-चिकन लागतं त्यावर आईनं उपाय काढला. जुन्या टी-शर्टची बाही कापून, कडेला इलॅस्टिक घालून, काकवीला कुंची शिवली. बाळाला घालतात तशीच, फक्त नाक लांब. जेवणापुरती घालायची आणि लगेच काढायची, कारण दिवसभर ठेवली तर कान उबतो आणि परत यीस्टचं साम्राज्य. मुलगी म्हणाली, "आज्जी, हिला बारशाला घेऊन जातो मी." कुंची घातलेले फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेत, माझ्या लग्नाच्या फोटोंना एवढे अंगठे आले नव्हते.

२६ जुलै

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. ४३ ला धोका, पण नदीकाठच्या प्रयाग चिखलीची माणसं ४३ ची वाट बघत नाहीत. मामा, मामी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं आमच्याकडं आली. घरात अकरा माणसं आणि एक कुत्रं.

मामा दारातनं आत आले, मोठ्यानं "काकूऽऽ" म्हणून वाकले आणि काकवीनं तिथंच फरशीवर लघवी सोडली. कॉकरमध्ये हे बऱ्याच जणांना बघायला मिळतं, आनंद किंवा दबाव झाला की थेंब सुटतात. रागवलं की वाढतं. येणाऱ्यानं तिच्याकडं न बघता आत यायचं, दोन मिनिटांनी खाली बसून, बाजूनं हात लावायचा. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "सुनेच्या माहेरीसुद्धा एवढा मान ठेवत नाही आम्ही."

३० जुलै

काकवी मोजे चोरते. चोरून दिवाणाखाली जाते. घरच्यांना माहीत आहे की हात घालायचा नाही. मामांच्या धाकट्या नातवाला माहीत नव्हतं, त्यानं दिवाणाखाली घुसून मोजा ओढला आणि काकवी गुरगुरली. चावली नाही, पण ओठ वर गेले होते. घरात एकदम शांतता. मामींनी पोराला कडेवर घेतलं, काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

चूक कुत्र्याचीही नव्हती आणि चार वर्षांच्या पोराची तर नव्हतीच. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. त्यानंतरचा नियम : काही घेतलं असेल तर हिसकावायचं नाही, लांबनं चिकनचा तुकडा दाखवायचा, ती बाहेर येऊन तुकडा खाते तेवढ्यात मोठ्या माणसानं वस्तू उचलायची. लहान पोरं आणि काकवी एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नाहीत. आणि दिवाणाखाली ती गेली की तिचं घर. मोजे कपाटात, हा नियम माणसांसाठी, तोच सगळ्यात अवघड गेला.

त्याच संध्याकाळी कुणीतरी तिला कांदाभजी घातली. किती, ते कुणी कबूल करेना. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून डॉक्टरांना फोन. एखाद-दुसऱ्या भज्यानं या वजनाला बहुतेक काही होत नाही, पण तीन-चार दिवस हिरड्यांचा आणि लघवीचा रंग बघा म्हणाले. बघितला. ठीक होती. तांबडा रस्सा आणि त्यातली हाडं तिला का नाही, हे पाहुण्यांना समजावण्यात माझा निम्मा घसा गेला.

५ ऑगस्ट

पाणी उतरलं, मामा परत गेले. आणि डावा कान वास मारतोय.

या दहा दिवसांत मी कान एकदाही धुतला नाही, विंचरणं दोनदा, वाळवणं जमेल तेव्हा. स्लाइडवर परत शेंगा. परत १४ दिवस थेंब, ७०० रुपये. म्हणजे थेंबांनी कान बरा होतो पण बरा राहत नाही, राहतो तो रोजच्या त्या कंटाळवाण्या १२ मिनिटांनी आणि डब्यातल्या पाण्यानं.

वजन १५.८ किलो भरलं. या जातीचं साधारण १३ ते साडेचौदा असतं. सगळं चिकन माझ्या कान धुण्याच्या लाचेतलं, वर मामांची भाकरी. लाच आता तिच्या जेवणातनंच कापून बाजूला काढतो.

२२ ऑगस्ट

कानाला हवा लागावी म्हणून पाळीच्या आतले आणि भोकाभोवतीचे केस कमी करायला घेतले. क्लिपर म्हणजे केस कापायचं मशीन घेतलं, ३,२०० रुपये, १० नंबरचं ब्लेड.

आधी आठवडाभर व्हिडिओ बघत होतो आणि आपल्या काकवीचं डोकं तसं का दिसत नाही ते कळेना. मग लक्षात आलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकन कॉकरचे आहेत. दोन्ही वेगळ्या जाती, अमेरिकन केनेल क्लबनं १९४६ साली इंग्लिश कॉकर वेगळा मानला. अमेरिकनचं डोकं गोल, तोंड आखूड आणि केसांचा पसारा कितीतरी जास्त. तो कट इंग्लिश कॉकरवर मारला की परत करडूच होणार होतं.

मशीन पहिले चार दिवस नुसतं चालू करून शेजारी ठेवलं. मग पाळीच्या आत, पाळी तळहातावर सपाट धरून, मधनं कडेकडं. कडेवर चामडीची एक छोटी दुमडलेली घडी असते, तिथं ब्लेड न्यायचंच नाही. बाहेरनं वरचा एक तृतीयांश भाग बारीक, खालची झालर तशीच, म्हणजे पाळी हलकी होते आणि दिसायला कॉकरच राहते. ब्लेड दर तीन-चार मिनिटांनी हाताला लावून बघायचं, तापतं. पाठीवर मशीन नाही, कधीच नाही. पाठीवरचे मेलेले लोकरी केस रबरी हातमोजा घालून अंगठ्यानं थोडे थोडे ओढून काढतो, सैल झालेले असतात ते आपोआप येतात.

गणपतीचे दहा दिवस

कामाची प्रगती शून्य. मिरवणुकीच्या दिवशी काकवी बाथरूममध्ये, ज्या बाथरूमला ती एरवी घाबरते. आई तिच्यासोबत पाट टाकून बसली होती.

१२ ऑक्टोबर

पाऊस संपला म्हणून मी निर्धास्त झालो. रविवारी जोतिबाच्या डोंगराकडं गेलो, गवत कमरेएवढं आणि पिवळं, काकवी तासभर त्यातनं सुसाट. घरी आल्यावर मोठे आघाड्याचे काटे विंचरून काढले आणि झोपलो.

गुरुवारी पुढच्या उजव्या पायाची बोटं चाटत बसली. शुक्रवारी बोटांमध्ये द्राक्षाएवढी गाठ. डॉक्टरांनी गुंगी देऊन चिरलं तर आत कुसळ. कुसळाची रचनाच अशी की एका दिशेनंच पुढं सरकतं, मागं येत नाही, केसातनं कातडीत आणि कातडीतनं आत. कानात गेलं तर पडद्यापर्यंत जातं. १,८०० रुपये आणि आठ दिवस गळ्यात प्लॅस्टिकचं भोंगं, ते घेऊन ती प्रत्येक दाराला आणि माझ्या नडगीला धडकत होती.

आता बोटांमधले केस तळव्याच्या बरोबरीनं कापलेत. इथं कात्री चालते, बोथट टोकाची आणि टेबलावर. डोंगरावरनं आलं की घरात पाऊल टाकायच्या आधी तपासणी : बोटांच्या बेचक्या, काख, कानाची आतली बाजू, शेपटीखाली. गोचीडही त्याच फेरीत सापडतात. मुलगी यात तरबेज झाली, म्हणते, "बाबा, मी काढलो चौदा, तुम्ही काढला तीन."

९ नोव्हेंबर

दिवाळीची आंघोळ झाली, आधी गुंता आणि मग पाणी. उटणं आईनं लावायचा प्रयत्न केला, हाणून पाडला.

हिशोब : जूनपासून ११,४८० रुपये. त्यातले ४,१५० सरळ माझ्या चुकांचे : सनमाइका, टाके, पुरातला कान, कुसळ. मागच्या वर्षीपेक्षा स्वस्त पडलं असं म्हणता येत नाही, पण टेबल, क्लिपर आणि फणी पुढच्या वर्षी विकत घ्यायचं नाही.

आज स्लाइड बघितली, दोन्ही कान स्वच्छ. वजन १४.३. कानामागं टाक्याच्या जागी केस पांढरे आलेत, बोटाच्या पेराएवढा ठिपका.

समोरच्या काकूंनी टेबल बघितलं आणि विचारलं की चकल्या करायला मिळेल का दोन दिवस, उंची एकदम बरोबर आहे म्हणाल्या. रबरी मॅट धुऊन दिलंय. काकवी सकाळपासून टेबलाच्या जागी जाऊन उभी राहते आणि माझ्याकडं बघते.